आंब्याखालच्या सावलीत बाग केली, त्याची हकिकत

आमच्या घरामागे एक जुना आंबा आहे. त्याच्याखाली साधारण २४ बाय १६ फुटांची जागा. एका बाजूला घराची उत्तरेकडची भिंत, समोर कुंपण. या जागेत मी सहा वर्षांत तीनदा बाग करून पाहिली. आधी लॉन लावलं; चार महिन्यांत ते विरळ होत गेलं आणि मधोमध नुसती माती उरली. मग गुलाब आणले. ते उंच आणि काटकुळे वाढले, कळी काही धरेनात. तिसऱ्या खेपेला जास्वंदी. पानंच पानं, फूल नाही. दर वेळी वाटायचं, आपल्याच हाताला गुण नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत पुन्हा सुरुवात केली, आणि या मार्चमध्ये, चौदा महिन्यांनी, ती जागा बाग म्हणावी अशी झाली आहे. मधल्या काळात मला सगळ्यात जास्त गरज होती ती कुणीतरी क्रमाने, चुकांसकट सांगण्याची. म्हणून वहीतल्या नोंदी समोर ठेवून हे लिहिते आहे.

पहिली नोंद १९ जानेवारीची. त्या दिवशी एकही रोप आणलं नाही. आलेखाच्या कागदावर जागेचा नकाशा काढला आणि सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला बाहेर जाऊन, ऊन कुठे पडलंय ते रंगीत पेन्सिलीने भरलं. तोवर सावली म्हणजे सावली, असंच मी धरून चालले होते. संध्याकाळी नकाशा पाहिला तर तीन वेगळ्या जागा दिसल्या. खोडाच्या भोवती दाट सावली, तिथे दिवसभरात उन्हाचा ठिपकाही नाही. फांद्यांच्या टोकांखाली कवडसे, सतत हलणारे. आणि कुंपणालगत चार फुटांची पट्टी, जिथे सकाळी तासभर सरळ ऊन.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे इथे कळकळीने सांगते. कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि जागा आहे त्याहून उजळ भासते. मी फोनवर प्रकाश मोजणारं एक मोफत अ‍ॅप घेतलं. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण तुलनेला पुरतं. दुपारी उघड्यावर आकडा १ लाख लक्सच्या आसपास जात होता. कवडशांच्या भागात ६ ते ९ हजार. खोडाजवळ १,८००. मला खोडाजवळची जागा 'जराशी अंधारी' वाटत होती, आणि तिथे उघड्यावरच्या दोन टक्केही उजेड नव्हता. गुलाबांचं आणि लॉनचं काय झालं ते त्या दिवशी समजलं, आणि मनावरचं ओझं बरंच उतरलं.

हाच नकाशा मी एप्रिलअखेर पुन्हा केला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे घराची सावली लांब पसरते. एप्रिलमध्ये तो डोक्यावर येतो. कुंपणालगतच्या त्याच पट्टीत आता साडेतीन तास कडक ऊन होतं. एकाच ऋतूचा नकाशा पाहून रोपं लावली असती तर त्या पट्टीतली नाजूक पानं उन्हाळ्यात करपलीच असती. दोन नकाशे करा, त्याला खर्च काहीच नाही.

आंब्याचा माथा फार दाट झाला होता. थोडी विरळणी केली तर खालचा उजेड वाढेल असं वाटलं, पण मोठ्या झाडाच्या फांद्या कापायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, आमच्याकडेही लागते. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला. सोबत झाडाचे चारही बाजूंनी फोटो, जागेच्या मालकीचा कागद, आणि कुठल्या फांद्या, किती जाडीच्या, कशासाठी, याचा तपशील. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण 'झाड छाटणे' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्यांदा फोटोवरच लाल पेनाने सात फांद्या दाखवून त्यांना क्रमांक दिले, तेव्हा तो स्वीकारला गेला. मग पाहणीची वाट. पाहणीला आलेल्या बाईंनी सातपैकी पाच मान्य केल्या. सहाव्या फांदीवर घरटं होतं आणि सातवी कापली तर झाड एका बाजूला कललं असतं. १३ मार्चला परवानगी हातात पडली. एकूण ३८ दिवस.

तोवर झाडावर कैऱ्या लागल्या होत्या. फळं उतरेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. इथे एक गोष्ट नशिबाने विचारून घेतली होती: परवानगीची मुदत. ती जूनअखेरपर्यंत होती. तुम्हीही हे पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर पुन्हा सगळी कागदपत्रं करावी लागतील.

मधल्या काळात मातीकडे वळले, आणि या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक तिथे केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फावड्याने खणायला गेले तर दोन इंचांवर मुळं. सगळीकडे, जाळ्यासारखी. मला वाटलं, वरून चांगली माती टाकली की प्रश्न मिटला. एक ट्रॉली लाल माती मागवली आणि खोडापर्यंत आठ इंचांचा थर पसरला. दिसायला फार छान दिसत होतं. नऊ दिवसांनी आमच्याकडे महिन्यातून दोनदा येणारे माळीकाका आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "ताई, झाडाच्या उरावर माती घातलीत. गुदमरंल ते."

त्यांनी खोडापाशी हाताने माती बाजूला केली. साल ओली झाली होती, बोटाने दाबली तर किंचित मऊ लागली. मला भरून आलं. झाडाची पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात, फांद्यांच्या टोकांपलीकडेही पसरतात, आणि त्यांना हवा लागते. वर अचानक जाड थर आला की ती गुदमरतात. खोडाला माती टेकली की साल कुजायला लागते. आणि हा परिणाम लगेच दिसत नाही, झाड दोन-चार वर्षांनी वाळायला लागतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन दिवस लावून आम्ही सगळी माती काढली, फावडं न वापरता, पत्र्याच्या सुपलीने आणि हाताने. खोडाचा बुंधा जिथे रुंदावतो तो भाग पुन्हा उघडा केला. ती माती नंतर कुंड्यांना वापरली.

त्यानंतर नियम ठरला: मुळांवर जास्तीत जास्त दोन इंच, तेही पालापाचोळ्याचं भुसभुशीत खत. जानेवारीपासून जाळीच्या एका गोल पिंजऱ्यात आंब्याची पानं साठवत होते. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही. म्हणून आधी ती पसरून कात्रीने आणि पायाने चुरडायची, ओली करायची, मग पिंजऱ्यात. जूनमध्ये पाहिलं तर वरची पानं तशीच होती, पण तळाशी काळसर, हातात चुरा होणारं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेलं खत तयार होतं. ते पुरलं नाही, थोडं विकत घ्यावं लागलं.

पाण्याचा निचराही मोजला. फूटभर खोल, मुळं नसलेल्या ठिकाणी खड्डा करायचा, पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते बघायचं. बहुतेक जागी दोन इंच उतरली, म्हणजे ठीक. कुंपणाच्या एका कोपऱ्यात जेमतेम अर्धा इंच. त्या कोपऱ्याला मी आधी नावं ठेवली. पण दमट माती आणि सकाळचं ऊन, हे तर सोनटक्क्याला हवंच असतं! तो कोपरा तिथेच ठरला.

मे महिना आखणीत गेला आणि मला तो सगळ्यात आवडला. पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून पायवाटेचं वळण काढलं. तो पाइप आठवडाभर तसाच ठेवला, येता-जाता पाय आपोआप कुठून पडतात ते पाहिलं आणि वाट दोनदा बदलली. वाटेसाठी खणून फरशी बसवली असती तर पुन्हा मुळं तुटली असती, म्हणून सुट्या सपाट दगडांवर भागवलं.

रंगांसाठी एक प्रयोग केला. पांढऱ्या, पोपटी, गडद हिरव्या आणि जांभळ्या कागदाचे तळहाताएवढे तुकडे कापले, काड्यांना लावले आणि वेगवेगळ्या जागी रोवले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले, कारण ही बाग दिवसातून सर्वांत जास्त वेळा तिथूनच दिसणार होती. संध्याकाळी साडेसहाला जांभळे तुकडे नाहीसे झाले. गडद हिरवेही दिसेनात. पोपटी अंधुक, आणि पांढरे मात्र अगदी अंधार पडेपर्यंत स्पष्ट. माझ्या यादीत गडद जांभळ्या पानांचा कोलियस सगळ्यात वर होता. तो खोडाजवळून काढून वाटेच्या कडेला, अगदी पायाशी आणला. तिथे जवळून पाहिला तरच तो शोभतो. मागे, लांबवर, पांढऱ्या आणि पोपटी पानांची रोपं.

सावलीतल्या बागेत फुलं थोडी, हे मान्य केलं की नजर पानांकडे जाते. मोठं, रुंद पान आणि त्याच्या शेजारी बारीक झिरमिरीत पान. अलोकेशियाच्या ढालीएवढ्या पानाखाली नेफ्रोलेपिस नेच्याची झालर. उभ्या रेषांसाठी ऱ्हापिस पाम. जमिनीलगत मोंडो ग्रास आणि पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट. मधल्या उंचीला अग्लोनेमा, पीस लिली, पांढरं कॅलेडियम. एकेक रोप वीस जातींचं आणण्यापेक्षा आठ-नऊ जाती आणि प्रत्येकीची तीन, पाच, सात अशी झुबकी, हे मी आखणीत कटाक्षाने पाळलं. त्याने जागा शांत दिसते.

एक सावधगिरीची गोष्ट. अलोकेशिया, कॅलेडियम, अग्लोनेमा, पीस लिली, डायफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने किंवा कुत्र्या-मांजराने पान चावलं तर तोंडाची भयंकर आग होते, सूज येते. बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा आमच्याकडे नेहमी येतो, म्हणून वाटेच्या कडेला नेचे, मोंडो ग्रास, स्पायडर प्लांट आणि कोलियस एवढंच ठेवलं आणि ही मंडळी त्यांच्या मागे, त्याचा हात पोचणार नाही अशी.

फळं उतरल्यावर ४ जूनला छाटणी झाली. शेंडे तोडायचे नाहीत, माथा फक्त विरळ करायचा, हे छाटणाऱ्यांना मी दोनदा सांगितलं. फांदीच्या बुडाशी फुगीर कडा असते, तिच्या लगत बाहेरून काप घ्यायचा. खुंट ठेवायचा नाही आणि कडाही कापायची नाही. मोठ्या फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे ती पडताना साल सोलवटत नाही. पाच फांद्या गेल्या, माथ्याचा फार तर सहावा हिस्सा. खोडाजवळचा आकडा १,८०० वरून ३,९०० वर गेला. दाट सावलीत एवढ्याने खूप फरक पडतो.

रोपं आणताना रोपवाटिकेत 'सावलीतली रोपं' म्हटलं की जे दाखवतात ते पुष्कळदा हिरव्या जाळीखाली, भरपूर उजेडात आणि दमट हवेत वाढलेलं असतं. ते थेट दाट सावलीत नेलं की पानं गळतात. मी २० जूनला रोपं आणून दोन आठवडे कवडशांच्या भागात कुंड्यांतच ठेवली, मग एकेक करून आत सरकवली. मोठी, भरदार रोपं घेण्याचा मोह टाळा. मोठ्या कुंडीतल्या रोपाला मोठा खड्डा लागतो, आणि झाडाखाली मोठा खड्डा म्हणजे तुटलेली मुळं. छोट्या पिशवीतलं रोप स्वस्त पडतं आणि रुजतंही लवकर.

लावणी ३ ते ६ जुलै, चार दिवस. ८३ रोपं. पद्धत अशी: खुरप्याने वरची माती अलगद सैल करायची, मग बोटांनी चाचपायचं. करंगळीएवढं मूळ लागलं की तिथे थांबायचं आणि चार इंच बाजूला पुन्हा चाचपायचं. दोन मुळांच्या मध्ये मूठभर पोकळी सापडते, तेवढीच आपली जागा. तिथे खताचा एक ओंजळभर थर, पिशवी कापून रोप बसवायचं, माती बोटांनी दाबायची, पाणी. एका रोपाला कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. कागदावरची आखणी त्यामुळे बरीच बदलली. पाचचं झुबकं तीनचं झालं, नेचे डावीकडे सरकले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, गुडघे चिखलात, आणि तरी उठवत नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर साधारण निम्मा छाटणी, खत आणि ती चुकलेली माती आणण्या-काढण्यात गेला. रोपांना चौथा हिस्सा. उरलेला दगड, ठिबकाची नळी, एक बाक. मोंडो ग्रास आणि स्पायडर प्लांट कमीच घ्या. वर्षभरात त्यांचे फुटवे वेगळे करून दुप्पट जागा भरते.

पावसाळ्यात गोगलगायी आल्या. कॅलेडियमची पाच रोपं एका आठवड्यात चाळणीसारखी झाली. रात्री साडेनऊनंतर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचणं, एवढाच उपाय मी केला. पहिल्या रात्री ६१, दहाव्या रात्री ७. हातमोजे घालाच, गोगलगायींच्या अंगावर माणसाला अपायकारक परजीवी असू शकतात. जमिनीवर मीठ टाकू नका, मातीचं आणि रोपांचं नुकसान होतं.

दगडांवर शेवाळ धरलं. पहिल्यांदा मी तारेच्या ब्रशने सगळं खरवडून काढलं. नंतर क्योटोमधल्या साइहोजी या बौद्ध मंदिराच्या बागेबद्दल वाचलं. तिथे शंभराहून अधिक प्रकारचं शेवाळ आहे आणि ती बाग ओळखली जाते ती त्या शेवाळासाठीच. मग पाय पडतात तेवढे दगड घासायचे, कारण घसरायला होतं, आणि बाजूचे तसेच राहू द्यायचे, असं ठरवलं. आता ते बाजूचे दगड बागेतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहेत.

सप्टेंबरमध्ये पाऊस पडत असूनही खोडाजवळचे नेचे माना टाकू लागले. समजेना. दोन सारख्या उभट वाट्या घेतल्या, एक उघड्यावर आणि एक झाडाखाली ठेवली. मोठ्या पावसाच्या रात्री उघड्यावरच्या वाटीत १८ मिलिमीटर, आतल्या वाटीत ११. हलक्या सरीला बाहेर ३ आणि आत जवळजवळ कोरडी! सर पानांवरच अडकते आणि तिथूनच वाळून जाते. आणि जे खाली पोचतं त्यावर पहिला हक्क आंब्याच्या मुळांचा. तेव्हापासून पावसाळ्यातही मातीत बोट घालून बघते. ठिबकाची नळी टाकली, आठवड्यातून दोनदा, सकाळी, सावकाश. संध्याकाळी वरून पाणी घातलं की सावलीत पानं रात्रभर ओली राहतात आणि ठिपके पडतात.

डिसेंबरमध्ये उरलेली कॅलेडियमही जमिनीत गेली. त्यांचे कंद हिवाळ्यात झोपतात, ठाऊक होतं, तरी ती रिकामी जागा बघून जीव तुटला. जानेवारीत त्यांच्यामध्ये नेच्याचे फुटवे लावले. कॅलेडियम आत असताना नेचे जागा राखतील.

फेब्रुवारीत नवीनच प्रकरण. आंबा मोहरला आणि खालच्या सगळ्या पानांवर चकाकी आली, हात लावला तर चिकट. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा. चार-पाच दिवसांत त्यावर काळी बुरशी धरली. ती पानात शिरत नाही, पण उजेड अडवते, आणि इथे उजेड आधीच मोजून-मापून. मोठी पानं ओल्या फडक्याने पुसली, बाकीच्यांवर सकाळी साध्या पाण्याचा फवारा मारला. साबणाचं पाणी नेच्यांना सोसत नाही, म्हणून ते टाळलं. महिनाभर दर तिसऱ्या दिवशी हे काम होतं. आंब्याखाली बाग करणार असाल तर अलोकेशिया, अग्लोनेमासारखी गुळगुळीत पानं घ्या, धुवायला सोपी जातात. रेक्स बिगोनियाच्या लवदार पानांवरचा चिकटा निघत नाही. माझी दोन रोपं तशीच गेली.

८३ पैकी ६७ रोपं आज उभी आहेत. बाकामागची सहा फुटांची पट्टी मात्र अजून उघडी आहे. तिथे भिंतीची आणि झाडाची सावली एकत्र येते, आकडा हजारावर जात नाही, दोनदा लावलेली पीस लिली नुसती तग धरून होती आणि शेवटी वाळली. तिथे आता अ‍ॅस्पिडिस्ट्रा लावून बघणार आहे. अगदी हळू वाढतं, वर्षाला तीन-चार पानं, पण एवढ्या कमी उजेडात आणि कोरड्या मातीत टिकणारं त्यासारखं दुसरं मला सापडलेलं नाही. तीन रोपं सांगून ठेवली आहेत, जूनमध्ये मिळतील.

काल संध्याकाळी आई बाकावर बसली होती. सात वाजून गेले होते. मी दिवा लावायला उठले तर म्हणाली, "थांब गं, त्या पांढऱ्या पानांपाशी अजून उजेड आहे."